वरचा चौकोन

माझ्या लग्नाआधी माझे वडील आणि माझे सासरे एकमेकांना रोज शिव्या घालायचे. भांडण म्हणून नव्हे, सवय म्हणून. दोघेही जळगावच्या एका दालमिलमध्ये कामाला होते. वडील, म्हणजे आबा, मुख्य मिस्त्री. सासऱ्यांना सगळे भाऊ म्हणत, ते वाळवणाचे मुकादम. तूर भिजवायची, तिला तेलाचा हात लावायचा आणि पटांगणात उन्हात पसरून फेऱ्या मारत हलवायची, हे भाऊंचं काम. ती वाळली की यंत्रात भरडायची, हे आबांचं. माल ओला राहिला तर टरफल सुटत नाही, डाळ तुटते आणि चुनीचे, म्हणजे चुऱ्याचे, ढीग लागतात. तसे ढीग लागले की आबा मिलच्या दारात येऊन ओरडायचे, भाऊ पटांगणातून उलट ओरडायचे, आणि दुपारी दोघे एकाच डब्यातली भाजी खायचे.

अशाच एका दुपारी डबा खाताखाता माझं लग्न ठरलं. दोन्ही घरं मूळची धुळ्याकडची, दोन्हीकडे अहिराणी बोलतात, मुलगा एसटीत चिकटलेला. मी मॅट्रिक झालेली आणि घरात बसून कंटाळलेली. कोणाची काही हरकत नव्हती. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेल्यावर उन्हाळ्याच्या शेवटी लग्न लागलं. मी मेहरूणहून पिंप्राळ्याला आले. एकाच गावात दोन घरं, पायी गेले तरी पोचेन इतक्या अंतरावर. पण माहेरी असं उठून पायी जायचं नसतं. कोणीतरी न्यायला यावं लागतं, आणि कोणीतरी धाडावं लागतं.

लग्नानंतर आबा कामावर गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की आता ओरडता येणार नाही. कालपर्यंतचा दोस्त आता व्याही होता. त्यातही मुलाचा बाप. आपल्याकडे मुलीचा बाप मुलाच्या बापासमोर हात जोडून उभा राहतो, त्याला 'तुझा माल ओला आहे' असं कसं म्हणेल? आणि न सांगावं तर चुनीचे ढीग लागणार.

मिल आणि पटांगण यांच्यामध्ये एक कडुलिंब होता. त्याखाली पाण्याचे दोन माठ आणि एका स्टुलावर नाना. नाना म्हणजे मिलमधला सगळ्यात म्हातारा माणूस, पूर्वी हमाल, पाठ गेल्यावर पाणी द्यायला बसवलेला. आबा लिंबाखाली आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "नाना, पटांगणमा सांगा, कालना माल ओला व्हता."

भाऊ तिथून चार पावलांवर उभे होते. त्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला होता, पण ते हलले नाहीत. नाना गुडघ्यावर हात देऊन उठला, त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "भाऊ, काल ऊन जरा कमी पडनं का? तिकडे तसं म्हनी राह्यनात."

"व्हय, जरा कमीच व्हतं," भाऊ म्हणाले. "त्यास्ले सांगा, आज दोन फेरा जास्ती मारसूत."

आबांनी तेही ऐकलं. तरी नाना परत येऊन सांगेपर्यंत ते तिथेच थांबले.

हे असं सुरू झालं आणि चालू राहिलं. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला समजावलं नाही. आबा जे म्हणायचे ते नाना उन्हावर, वाऱ्यावर, तुरीच्या जातीवर ढकलून भाऊंपर्यंत पोचवायचा. भाऊ कधी चिडून काही बोलले तर नाना ते वाटेतच गिळून टाकायचा आणि आबांना सांगायचा, "बरं म्हनना." शेठपासून तूर पसरणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. हसायचं कोणालाच सुचलं नाही, कारण हसण्यासारखं त्यात काय होतं? ज्याच्या त्याच्या घरात असंच काहीतरी होतं.

थंडीच्या दिवसांत साहेब आला.

शेठचा मुलगा बाहेरून शिकून आला होता आणि त्याला मिल सुधारायची होती. त्याच्या ओळखीतून हा गोरा साहेब आला. उंच, उन्हानं लाल झालेला, डोक्यावर कापडी टोपी. कारखाने कसे चालवावेत हे देशोदेशी जाऊन सांगणं हाच त्याचा धंदा होता. सोबत पुण्याचा एक सफारी सूटवाला, साहेबाचं बोलणं मराठीत करून सांगायला. आमच्याकडे त्या वेळी असा माणूस कोणी पाहिलेला नव्हता. डॉक्टर माणसाला तपासतो, मेकॅनिक इंजिनाला. हा अख्ख्या मिललाच तपासायला आला होता.

मला त्याची टवाळी करता येईल आणि बरेच जण करतातही, पण ती खरी होणार नाही. त्यानं यंत्रांच्या पट्ट्यांवर जाळ्या बसवून घेतल्या. त्याआधी एका माणसाची बोटं तिथे गेली होती आणि आम्ही ते नशिबावर टाकून मोकळे झालो होतो. पटांगणातल्या बायांसाठी त्यानं पत्र्याची सावली करवली. संडास बांधायला लावला. इतकी वर्षं तिथे बाया काम करत होत्या आणि त्या जातात कुठे हा प्रश्न शेठला कधी पडला नव्हता. साहेबानं तो पहिल्याच आठवड्यात विचारला. माझी शेजारीण त्या बायांमध्ये होती. ती म्हणायची, देव भलं करो त्याचं. मिलमधल्या बातम्या मला तिच्याकडूनच कळत. भाऊ घरी मिलचं बोलत नसत आणि यांना विचारलं तर हे म्हणत, मला एसटीचं विचार.

साहेब दिवसभर एका कोपऱ्यात उभा राहून नुसता बघायचा. बघता बघता त्याला नाना दिसला. हा माणूस काय करतो? पाणी देतो. पण लोक तर आपल्या हातानं माठातून पाणी घेतात. मग हा अधूनमधून उठून पटांगणात का जातो? यावर सफारी सूटवाल्यानं आबांकडे पाहिलं, आबांनी लिंबाकडे पाहिलं.

आता वाटतं, एवढं सांगून टाकायला काय हरकत होती? पण सांगणार कसं? जी गोष्ट आम्ही एकमेकांशीही कधी बोललो नव्हतो ती परक्या माणसाला, तीही दुभाष्यामार्फत सांगायची? आबा म्हणणार होते का, की साहेब, मी ह्या माणसाला पोरगी दिली आहे म्हणून मला ह्याच्याशी बोलता येत नाही? साहेब म्हणाला असता, पोरगी दिली तर जास्त बोलता यायला हवं.

संक्रांतीनंतर साहेबानं मिलमध्ये घरच्यांचा मेळावा ठेवला. काम करणाऱ्याच्या बायकापोरांनी त्याची जागा पाहावी, म्हणजे त्याला कामाचा अभिमान वाटतो, अशी साहेबाची समजूत. मीही सासूबाईंबरोबर गेले. आई आली होती. आम्ही दोघी दुरून एकमेकींकडे पाहून हसलो. भिंतीवर एक मोठा जाड कागद लावला होता. त्यावर चौकोन काढले होते आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक चौकोनात एक नाव, देवनागरीत, सुंदर अक्षरात. कोणी कोणाला विचारायचं आणि कोणी कोणाला सांगायचं, ते एका नजरेत कळावं म्हणून. सगळ्यात वर शेठ, मग त्यांचा मुलगा, त्याखाली आबांचा चौकोन. आबांच्या चौकोनातून एक सरळ रेघ खाली भाऊंच्या चौकोनात गेली होती. मध्ये काही नव्हतं. नानाचा चौकोन कागदावर कुठेच नव्हता.

माझ्या बापाचं नाव एवढं वर लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? लगेच मी पदर सारखा केला आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या कागदाकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या माझ्या आईकडे.

नानाला शाल-नारळ देऊन घरी बसवलं. साहेबानं त्याचा हात हातात घेऊन हलवला. नानाला ते फार आवडलं, पुढे कित्येक दिवस तो मेहरूणच्या तलावावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचा. स्टूल मिलच्या आत गेलं. माठांच्या जागी नळ आला.

आणि रोज सकाळची सभा सुरू झाली. काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी पटांगणात गोल उभं राहायचं, वरच्यानं खालच्याला काल काय चुकलं आणि आज काय करायचं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मागे बोलायचं नाही, आडून बोलायचं नाही, कोणाच्या तोंडून निरोप धाडायचे नाहीत. साहेबाच्या मते कारखाने बुडतात ते न बोलल्यामुळे. शेजारीण मला सांगायची, आबा बोलायला उभे राहिले की आपल्या चपलांशी बोलायचे. एक दिवस साहेब त्यांच्या मागे गेला, दोन्ही खांदे धरले आणि हसत हसत त्यांना भाऊंच्या समोर वळवलं. सफारी सूटवाला म्हणाला, नजरेला नजर देऊन बोला. आबांनी नजर वर केली आणि म्हणाले, "माल ओला व्हता." भाऊ म्हणाले, "व्हय." गोलातल्या दोन बायांनी तोंडाला पदर लावला.

त्या संध्याकाळी भाऊ जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

हे रोज होत राहिलं. भाऊ मुळात वाईट माणूस नाही. मी नवी असताना माझ्या दुधात साय आहे का ते स्वतः बघायचे. पण हळूहळू त्यांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. म्हणजे मी तांब्या ठेवायचा, मी आत गेले की ते उचलायचे. सासूबाई भाकरी थापताना माझ्याकडे न बघता चुलीला सांगायच्या, "पोऱ्याना बाप शेतस ना त्या? मंग बठ्ठास्ना म्होरे ऐकी लेवानं का?" सगळ्यांसमोर, म्हणजे माझ्या बापाकडून. मी त्या रेघेच्या दोन्ही टोकांना होते.

आखाजी जवळ आली. खान्देशात लग्न झालेल्या पोरीला आखाजी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. दिवाळी हुकली तर चालते. आखाजीला माहेरी गौराई बसलेली असते, लिंबाला झोके बांधलेले असतात, गल्लीतल्या सगळ्या पोरी आपापल्या सासरहून आलेल्या असतात. त्या दिवसांत पोरीला काम सांगत नाहीत. झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची, सांजोऱ्या खायच्या आणि सासूला मनसोक्त नावं ठेवायची. माझी तर ही लग्नानंतरची पहिलीच. पहिल्या आखाजीला जी पोर माहेरी दिसत नाही तिच्याबद्दल गल्ली विचारते, आणि विचारून झालं की आपलं उत्तर आपणच काढते. मी दोन महिने आधीपासून मनात कपडे घड्या करत होते.

न्यायला येणाऱ्याला आपण मुऱ्हाळी म्हणतो. माझा भाऊ मुऱ्हाळी म्हणून आला, नवा शर्ट घालून. सासूबाईंनी त्याला चहा दिला. मी दाराआड उभी होते, पिशवी भरलेली. सासऱ्यांनी त्याला घरचं सगळं विचारलं. म्हशीचं विचारलं, आंब्यांचं विचारलं. मग म्हणाले, "आवंदा नही. घरमा काम शे."

घरात काहीही काम नव्हतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या भावानं बशी खाली ठेवली, पाया पडला आणि गेला. हे खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी आत जाऊन पिशवीतली लुगडी परत पेटीत ठेवली. मला रडू आलं नाही, राग आला. साहेबाचा आला, भाऊंचा आला, यांच्या खिडकीचा आला, आणि सगळ्यात जास्त आबांचा. सरळ सांगायचं सोडून चपलांकडे बघत बसले म्हणून. आणि नजर वर केली म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये काय झालं ते शेजारणीनं मला धुणं वाळत घालताना सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं कारण मला पहिल्यांदा कळलंच नाही. सकाळच्या सभेत आबांची बोलायची पाळी आली. आबा गोलाच्या मध्ये गेले आणि शेठच्या मुलाला म्हणाले, माझं वय झालं, डोळ्यांना बारीक दिसत नाही, मुख्य मिस्त्रीचं काम माझ्या व्याह्यांना द्या. मी त्यांच्या हाताखाली राहीन.

आबांना मैलावरचा आंबा पिकलेला दिसायचा.

शेठच्या मुलाला काही कळेना. शेठला मात्र कळलं. तो जुना माणूस. त्यानं मान हलवली. सफारी सूटवाल्यानं साहेबाला सांगितलं आणि साहेब एकदम खूश झाला. वरच्या जागेवरचा माणूस आपण होऊन दुसऱ्याला पुढे करतो, हे त्यानं आजवर फक्त शिकवलं होतं, घडलेलं पाहिलं नव्हतं. त्यानं आबांना आणि भाऊंना शेजारी उभं करून फोटो काढला. शेठच्या धुळ्याच्या मिलमध्ये जाऊन त्यानं ही गोष्ट तिथल्या लोकांना सांगितली म्हणे, तुम्हीही असं मोठं मन ठेवा म्हणून.

भाऊ संध्याकाळी घरी आले. पाय धुतले. मी तांब्या ठेवून आत वळले तर म्हणाले, "थांब." माझ्या समोर पाणी प्याले. मग सासूबाईंना म्हणाले, "व्हऊनी पिशवी भरा. मी सोता सोडी येस."

आखाजीच्या आदल्या दिवशी मी माहेरी पोचले. झोका बांधलेला होता. पोरी आल्या, गाणी झाली, मी सासूला नावं ठेवली, ती जरा कमीच ठेवली. दुपारी मी आपण होऊन पापड उचलायला गच्चीवर गेले. पापड एका मोठ्या जाड कागदावर वाळत घातले होते. मी एकेक उचलत गेले तसे खालून चौकोन निघाले. मिलमध्ये नवा तक्ता लागला होता, म्हणून जुना आबा घरी घेऊन आले होते. कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा. वरच्या चौकोनात आबांचं नाव होतं, त्यावर पापडाच्या तेलाचा गोल डाग. खाली भाऊंचं नाव. मध्ये सरळ रेघ.

मी तशीच बसून राहिले. आबा जिना चढून वर आले, माझ्याकडे आणि कागदाकडे पाहिलं. मी विचारलं, "आबा, कसाले सोडी खुर्ची?"

"खुर्चीले झोका बांधता येस का माय?" ते म्हणाले आणि पापड उचलायला लागले.

मिल नीट चालली. भाऊंना यंत्रातलं काही कळत नव्हतं. ते सकाळी विचारायचे, "याही, आज काय करानं?" आबा हात जोडून, अदबीनं, काय करायचं ते सांगायचे. मग भाऊ तेच मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगायचे, आबांनाही. मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला सांगायला कोणाची ना नव्हती. चुनी कमी निघायला लागली. साहेब समाधानानं आपल्या देशी गेला आणि पुन्हा आला नाही. माझी एकही आखाजी त्यानंतर हुकली नाही.

त्या कागदाबद्दल मी बऱ्याच उशिरा विचार करायला लागले, माझी मुलगी मोठी व्हायला लागली तेव्हा. अख्ख्या खान्देशात मुलीचा बाप मुलाच्या बापाच्या वर बसलेला मी तेवढ्या एकाच ठिकाणी पाहिला. तो तिथे बसवला आमच्यातलं काहीच न कळणाऱ्या एका परक्या माणसानं, तेही चुकून. आणि तो खाली यावा म्हणून आम्ही सगळे झटलो. भाऊ रुसले, सासूबाई चुलीशी बोलल्या, आबांनी डोळे अधू करून घेतले. आखाजीसाठी मी गौराईला नवस बोलले होते.

ती पहिली आखाजी संपल्यावर भाऊ मला न्यायला आले. आबा ओट्यावर बसले होते. ते उठले, चपला काढल्या आणि हात जोडले. भाऊ घरी आले की आबा हात जोडतात, हे मी लग्नापासून पाहत आले होते. त्या सालापासून ते मिलमध्येही जोडायला लागले.